जळालेल्या हॉलचं चित्र

केडगावात आम्ही फ्लॅट घेतला तेव्हा माझ्या जाऊबाई बघायला आल्या होत्या. श्रीगोंद्याकडे आमची वस्ती आहे, आजूबाजूला ऊस, आणि घर म्हणजे चारही भिंती आपल्या. त्यांनी सगळ्या खोल्या फिरून बघितल्या, खाली वाकून फरशीला हात लावला आणि विचारलं, "ही फरशी म्हणजे खालच्यांचं छत. वरचं छत म्हणजे वरच्यांची फरशी. ही भिंत शेजाऱ्यांची. मग यात आपलं नक्की काय?" मी हसून चहा टाकायला गेले. खरं तर मलाही ते ठाऊक नव्हतं.

मी शाळेत चित्रकला शिकवायचे. निवृत्त झाल्यावर पहिल्याच वर्षी सोसायटीच्या लोकांनी मला सेक्रेटरी केलं. कारण एकच, बाईंना वेळ आहे. पंप बिघडला की माणूस बोलवायचा, टाकी धुऊन घ्यायची, जिन्यातले दिवे बदलायचे, एवढंच काम असेल असं मला वाटलं होतं. पण त्याच उन्हाळ्यात आमच्या मागच्या गल्लीतल्या एका इमारतीवर वीज पडली. माणसं वाचली, पण गच्चीचा कठडा, टाकी, लिफ्टची मोटर असं बरंच गेलं, आणि तिथल्या लोकांना सगळं आपापसात वर्गणी काढून उभं करावं लागलं. ते बघून आल्यावर मी घरी विषय काढला. माझे यजमान वर्तमानपत्र वाचत होते. ते म्हणाले, "आपल्या स्कूटरचा विमा आहे. इमारतीचा आहे का, विचार की कुणाला तरी." कुणाला विचारणार? सेक्रेटरी मीच होते.

एका रविवारी सकाळी पार्किंगमध्ये मीटिंग बोलावली आणि एका विमा एजंटाला यायला सांगितलं. सगळे आपापल्या खुर्च्या घेऊन खाली आले. तिसऱ्या मजल्यावरचे आबा सगळ्यांत पुढे बसले. आबा मिरजगावकडचे. शेती धाकट्या मुलाकडे सोपवून नातवंडांच्या शाळेसाठी थोरल्या मुलाबरोबर इथे राहायला आलेले. फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमायचा नाही. दिवसभर पार्किंगच्या सावलीत खुर्ची टाकून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायचे. भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे त्यांना नमस्कार करून पुढे जात.

एजंटाने बोलायला सुरुवात केली आणि आबांनी त्याला मध्येच थांबवलं.

"इमा काढायचा तर काढा. पन त्याचं पैसं आलेलं मी तरी बगितलं न्हाई. आमच्याकडं गारपीट झाली. आमी हप्ता भरल्याला. सगळं रान झोपलं. आन शेवटी काय, तर तुमचं बसत न्हाई."

"आबा, पीकविमा वेगळा, हा वेगळा," एजंट म्हणाला.

"नाव वेगळं आसंल. देनारा हात त्योच."

लोक हसले. पण एजंट चिवट होता, त्याने न चिडता सगळं समजावलं. सोसायटीच्या पॉलिसीत इमारत येते. म्हणजे भिंती, स्लॅब, जिना, खिडक्या, टाकी, पंप, मीटरची जागा. आग, वीज, वादळ, भूकंप यांनी नुकसान झालं तर ते पुन्हा बांधायचा खर्च मिळतो. फ्लॅटचा बाजारभाव मिळत नाही, कारण त्यात जागेची किंमतही धरलेली असते.

"ह्ये मातर बरोबर हाय," आबा म्हणाले. "जमीन कुटं जळती?"

"आणि घरातलं सामान?" कुणीतरी विचारलं.

"ते यात नाही. तुमचा टीव्ही, कपाट, फ्रीज, भांडीकुंडी यासाठी प्रत्येकाने आपापली वेगळी पॉलिसी घ्यायची. सोसायटीची पॉलिसी फ्लॅटच्या भिंतीपाशी थांबते."

यावर कुजबुज झाली. एक पॉलिसी पुरे, दुसरी कशाला, असं बहुतेकांचं मत पडलं. एजंटाने इमारतीसाठी जी रक्कम सुचवली होती तीही जास्त वाटते म्हणून सगळ्यांनी मिळून कमी करायला लावली. तो म्हणाला, रक्कम कमी धरली तर उद्या भरपाईही त्या प्रमाणात कमी होईल. त्याचं कुणी फारसं ऐकलं नाही. चहा झाला, खुर्च्या घेऊन लोक वर गेले.

मी जिना चढत होते तेव्हा मागून हाक आली. पहिल्या मजल्यावरच्या भाभी होत्या. त्यांच्या यजमानांचं शहरात गाद्यांचं दुकान, मुलगी कॉलेजात, आणि भाभी घरी शिवणकाम करायच्या. ब्लाउज, ड्रेस, लग्नाचे घागरे. त्यांचा हॉल म्हणजे निम्मं दुकानच होतं. मीटिंगमध्ये त्या शेवटच्या रांगेत बसल्या होत्या आणि एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"बाई, माझी मशीन कशात येते? इमारतीत का घरात?"

"घरात."

"मग मला ते दुसरं घ्यावं लागेल."

"एकट्याच घेणार? बाकी कुणी घेत नाही."

"बाकीच्यांची मशीन नाही ना," त्या म्हणाल्या आणि दार उघडून आत गेल्या.

त्याच आठवड्यात त्यांनी घरातल्या सामानाची पॉलिसी घेतली. सोसायटीचीही झाली. कागद मी फायलीत लावले आणि विसरून गेले.

पुढच्या वर्षी चैत्र सरत आला होता. इमारतीतल्या आम्ही काही जणींनी मिळून गच्चीवर कुरडया घातल्या होत्या. दुपारी मी त्या उलटायला वर गेले होते आणि माझ्याबरोबर आबांच्या सूनबाई होत्या. ऊन असं की सिमेंटवर पाय ठरत नव्हता. तेवढ्यात खालून आबांचा आवाज आला. नेहमी ते हाक मारतात तसा तो नव्हता. "आग लागली. जिन्यानं खाली येऊ नका. वर जावा, समदे वर जावा."

आम्ही कठड्यावरून वाकून बघितलं. पार्किंगमधून काळा, जाड धूर येत होता. मीटरच्या पेट्या जिथे आहेत त्या भिंतीला आग लागली होती, आणि त्याच भिंतीच्या बरोबर वर भाभींच्या हॉलची खिडकी. बाहेर वाळत घातलेले कपडे पेटले होते आणि पडद्याने आग आत घेतली होती.

जिन्यात धूर भरत होता. दुपारची वेळ, घरात बहुतेक बायका आणि म्हातारी माणसं. एकेक करत सगळे गच्चीवर आले. कुणी लेकराला छातीशी धरून, कुणी ओला टॉवेल तोंडाला लावून. माझे यजमान आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना पाठीवर घेऊन आले. भाभी दिसेनात. मी जिन्याच्या दारात उभी राहून हाका मारत होते आणि धुरात मला स्वतःचाच हात दिसत नव्हता. मग खोकल्याचा आवाज आला आणि भाभी वर आल्या. तोंड काळं झालेलं, डोळ्यांतून पाणी. हातात अर्धवट शिवलेला ब्लाउज तसाच होता, सुई त्यातच टोचलेली.

"मशीन चालू होती," त्या मला सांगू लागल्या. "मशीनच्या आवाजात काही कळलंच नाही. मागे गरम लागलं म्हणून वळले तर पडदा..."

"खाली बसा," मी म्हटलं. त्या तापलेल्या गच्चीवर बसल्या. कुरडयांचं प्लास्टिक कुणीतरी ओढून त्यांच्याखाली सरकवलं.

खाली शेजारच्या बांधकामावरचे मजूर धावत आले होते. त्यांनी फावड्याने वाळू मारली. वायरमनने खांबावरून लाईन तोडली. थोड्या वेळात बंबही आला. आग तशी लवकर आटोक्यात आली, पण आम्हाला वर उभं राहून तो वेळ युगासारखा वाटला. कुणालाही मोठी इजा झाली नाही. हे मी आजही सगळ्यांत आधी सांगते, कारण त्यानंतरचं सगळं वस्तूंचं आहे.

खाली उतरल्यावर बघितलं. मीटरच्या पेट्या वितळून खाली ओघळल्या होत्या. मीटरपासून वर जाणारी आमचीच वायरिंग जुनी झाली होती आणि उन्हाळ्यात सगळ्यांचे कूलर एकदम चालू, त्यामुळे ती तापली, असं नंतर कळलं. पार्किंगचं छत काळं, प्लास्टर निखळलेलं. आणि भाभींचा हॉल. सोफा म्हणजे नुसत्या स्प्रिंगा. शोकेस कोसळलेलं. फ्रीज एका बाजूने वितळलेला. दोन्ही मशिनींचे लोखंडी सांगाडे तेवढे ओळखू येत होते. गिऱ्हाइकांचे कपडे जिथे टांगलेले असत तिथे राखेचा एक ढीग होता, आणि त्यात कुठेकुठे जरीची तार चमकत होती. आतली खोली आणि स्वयंपाकघर वाचलं, पण सगळीकडे काजळी.

तोवर भाभींचे यजमान दुकानातून आले, नातेवाईक आले. जळकी खोली बघवत नाही, म्हणून बायकांनी लगेच केरसुण्या आणि बादल्या हातात घेतल्या. संध्याकाळच्या आत सगळं धुऊन काढू, असं चाललं होतं. इतक्यात आबा दारात येऊन उभे राहिले.

"काय हलवू नका," ते म्हणाले. "हाय तसं राहू द्या."

"आबा, लोक येणार बघायला. असं कसं ठेवायचं?" भाभींचे यजमान म्हणाले.

"यिऊ द्या. इम्याचा मानूस यीपर्यंत राख बी उचलू नका. आदी फोटू काढा, समद्या बाजूनं." मग ते खालच्या आवाजात बोलले. "गारपीट झाल्ती तवा मला ते रान बगवंना. पंचनाम्याच्या आदीच मी नांगर घातला. सायब आलं आन म्हनले, काय गेलं ते दाखवा. काय दाखवनार? पैसं आलं न्हाईत ते त्यामुळं."

इतकी वर्षं आम्ही आबांची ती तक्रार ऐकत होतो. त्यातला हा भाग त्यांनी कधी सांगितला नव्हता. केरसुण्या खाली ठेवल्या गेल्या. भाभींच्या मुलीने मोबाईल काढला आणि दारापासून फोटो काढायला सुरुवात केली. मी एजंटाला फोन लावला, दोन्ही पॉलिसींसाठी. भाभींच्या पॉलिसीचा कागद जळाला होता, पण तो मोबाईलवरही होता, त्यामुळे त्याची अडचण आली नाही.

त्या कुटुंबाला राहायला आतली खोली काजळी पुसून देता आली असती, पण वास जात नव्हता. ते आमच्याकडे आले. भाभी, त्यांची मुलगी आणि मी एका खोलीत, पुरुष मंडळी हॉलमध्ये. वीज यायला वेळ लागला. सगळी इमारत गच्चीवर झोपायला लागली आणि तिथे एकमेकांचे डबे उघडायचे. आमच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, लहानपणी असंच झोपायचो आम्ही.

विमा कंपनीचा सर्व्हेअर पुण्याहून आला. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. त्याने मीटरची भिंत बघितली, पार्किंगच्या छताची मापं घेतली, बंबवाल्यांचा दाखला मागितला. मग भाभींच्या हॉलमध्ये येऊन विचारलं, "या खोलीत काय काय होतं?"

भाभी उभ्या राहिल्या. खोलीकडे बघत राहिल्या.

"सोफा होता," त्या म्हणाल्या. "फ्रीज. मशीन." मग खोलीभर हात दाखवला. "सगळंच होतं."

"सगळं म्हणजे?"

त्यांना काही सांगता येईना. रोज ज्या खोलीत त्या सकाळपासून बसायच्या, ती खोलीच त्यांच्या डोक्यातून पुसली गेली होती. त्यांचे यजमान सांगू लागले, पण ते दिवसभर दुकानात. त्यांना भिंतीवरचं घड्याळ कुठे होतं तेही आठवेना. सर्व्हेअर समजूतदार होता. तो म्हणाला, "घाई नाही. आठवून लिहून पाठवा. बिलं असतील तर बिलं, नसतील तर दुसरा काही पुरावा. फोटो चालतील."

तो गेल्यावर भाभी माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या. "बाई, मला माझं घर आठवत नाही. म्हातारी झाले का मी?"

मी शाळेत मुलांना एक गोष्ट करायला लावायचे. आपलं घर काढा, म्हटलं की मुलं डोंगर, सूर्य आणि त्रिकोणी छपराचं घर काढायची. मग मी म्हणायचे, दारापासून सुरू करा. दार उघडल्यावर उजवीकडे काय आहे? चप्पल कुठे काढता? ते मला तेव्हा आठवलं. मी कपाटातून जुना ड्रॉइंग पेपर काढला, टेबलावर पसरला आणि त्यांच्या हॉलची चौकट आखली. दार, खिडकी, आत जायची वाट.

"दार उघडलं. उजवीकडे काय?"

"चपलांचं स्टँड."

मी स्टँड काढलं. "कसलं? लोखंडी?"

"लाकडी. त्यावर फोन चार्जिंगला लावायचो. बाजूला छत्र्या."

"मग?"

"मग शोकेस. वरच्या कप्प्यात काचेचा सेट. माझ्या आईनं दिलेला. तो फक्त ईदला काढायचो."

मी शोकेस काढत गेले आणि त्या एकेक कप्पा सांगत गेल्या. मी चुकीचं काढलं की त्या लगेच सुधारायच्या. फ्रीज तिथे नाही, बाई, तिथे काढला तर मशीनवर उजेड येणार नाही. पंखा छताला एक आणि मशीनजवळ भिंतीला एक. इस्त्री खिडकीत. दोऱ्यांची रिळं एका बिस्किटाच्या मोठ्या डब्यात. त्यांची मुलगी येऊन शेजारी बसली आणि तीही सांगू लागली. तिचा लॅपटॉप सोफ्यावर होता हे तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. बाहेर अंधार पडू लागला तेव्हा कागद भरला होता. भाभी त्याच्याकडे बघत म्हणाल्या, "एवढं होतं का आमच्याकडे?" आणि त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता, मी खोटं सांगत नाही. गेलेल्या खोलीचा का होईना, त्यांना पत्ता लागला होता.

पण चित्र म्हणजे पुरावा नव्हे. फोटो हवे होते, आणि त्यांचे जुने फोटो त्या लॅपटॉपमध्येच जळाले होते. तेव्हा आबांच्या सूनबाईंना सुचलं. मागच्या ईदला शीरखुर्मा खायला आम्ही सगळे भाभींकडे गेलो होतो. सूनबाईंनी आपल्या मुलाचा वाटी चाटतानाचा फोटो काढला होता. तो शोधून काढला तर त्याच्या मागे अख्खं शोकेस दिसत होतं, काचेचा सेट नुकताच बाहेर काढलेला.

सूनबाईंनी तो फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, कुणाकडे भाभींच्या हॉलमधले आणखी फोटो आहेत का?

मग येतच राहिले. कुणाच्या मुलीच्या ड्रेसचं फिटिंग बघताना काढलेला, मागे फ्रीज. कुणी दिवाळीचा फराळ द्यायला गेल्यावर काढलेला सेल्फी, खांद्यावरून भिंतीवरचा पंखा दिसतोय. माझ्या यजमानांनी एकदा भाभींच्या यजमानांचा कॅरम खेळताना फोटो काढला होता, त्यात सोफा होता. मागच्या गल्लीतल्या एका बाईंपर्यंतही निरोप गेला; त्यांनी ब्लाउज घालून आरशासमोर फोटो काढला होता, आणि आरशात अख्खी शिलाई मशीन. एवढे लोक त्या हॉलमध्ये येऊन गेले होते हे भाभींनाही माहीत नव्हतं. त्या एकेक फोटो बोटांनी मोठा करून बघायच्या. माणसांकडे आधी, मग मागच्या वस्तूंकडे. मुलीने सगळे फोटो चित्रातल्या जागेप्रमाणे लावून सर्व्हेअरला पाठवले.

तो पुन्हा आला तेव्हा त्याने चित्र बराच वेळ बघितलं. "हे कुणी काढलं?" विचारलं. मी सांगितलं. "उपयोग झाला," एवढंच म्हणाला. मग त्याने जे बसत नव्हतं तेही स्पष्ट सांगितलं. घरगुती सामान बसेल, जुन्या वस्तूंची झीज वजा होईल. साधी शिलाई मशीन घरातली म्हणून धरता येईल. पिको-फॉलची मशीन धंद्याची, ती बसणार नाही. आणि गिऱ्हाइकांचे कपडे या पॉलिसीत अजिबात नाहीत. त्यासाठी धंद्याची वेगळी पॉलिसी लागते.

भाभींनी शांतपणे ऐकलं. "कपड्यांचं मी बघते," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या एकेका गिऱ्हाइकाकडे स्वतः जाऊ लागल्या. फोनवर सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. एकदा मी बरोबर गेले. नगरमध्येच एका आईने मुलीच्या लग्नाचा घागरा आणि शालूवरचा ब्लाउज त्यांच्याकडे टाकला होता, आणि लग्न तोंडावर आलं होतं. भाभींनी दारातच सांगून टाकलं. ती बाई खाली बसली. मग आत जाऊन पाणी घेऊन आली आणि भाभींच्या हातात ग्लास दिला.

"तुम्हाला भाजलं वगैरे नाही ना?" तिने विचारलं.

"नाही."

"मग कापड परत आणते. शिवाल ना वेळेत?"

सगळे असे नव्हते. एकीने भांडून कापडाची पूर्ण किंमत मागितली, आणि भाभींनी ती देईन म्हणून कबूल केलं. एक जण पुन्हा आलीच नाही. पण बहुतेक जणींनी नवीन कापड आणून दिलं आणि कितीतरी जणींनी शिलाई आधीच हातात ठेवली. भाभींनी त्या सगळ्यांचं काम आमच्या गॅलरीत बसून केलं. आबांच्या सूनबाईंची पायाची मशीन खाली आणली होती. आबा स्वतः तेलाची बुधली घेऊन तिचा पट्टा बसवायला आले होते. लग्नाचा घागरा हळदीच्या आदल्या दिवशी पोचता झाला. तो घालून बघायला भाभींनी नवरीला आमच्याच हॉलमध्ये उभं केलं होतं.

भरपाई यायला वेळ लागला. मध्ये एकदा कागद अपुरे म्हणून पत्र आलं, मग आम्ही ते पुरे केले. शेवटी दोन्हीकडचे पैसे आले. भाभींना हॉल पुन्हा उभा करण्याइतके. नवी पिकोची मशीन त्यांनी हप्त्यावर घेतली. सोसायटीला मात्र खर्चापेक्षा कमी आले, कारण रक्कम आम्हीच कमी धरली होती. उरलेलं सगळ्यांनी भरलं आणि मीटर पार्किंगमधून काढून बाहेरच्या कंपाउंडच्या भिंतीवर नेले. वायरिंग नवी झाली.

पुढची मीटिंग त्याच पार्किंगमध्ये भरली, नवा रंग दिलेल्या छताखाली. एजंट पुन्हा आला होता. मी विषय वाचून दाखवायच्या आत आबा उठले.

"रक्कम वाढवा," ते म्हणाले. "बांधायचा आजचा खर्च काय हाय त्यो धरा. गेल्या टायमाला कमी करा म्हननाऱ्यात मी हुतो. आन घरातलं ज्याचं त्यानं काढा. मी काढलाय."

"आबा, तुम्ही?" माझे यजमान म्हणाले.

"व्हय. सूनबाईची मशीन हाय की घरात."

त्या दिवशी बऱ्याच घरांनी सामानाचा विमा घेतला. काहींनी नाही घेतला. मी कुणाच्या मागे लागले नाही. पण हे कळलं की आधी लोक विमा म्हटलं की हसायचे, आता विचारायला येतात. काय बसतं, काय नाही बसत. भाडेकरूने काय करायचं. गच्चीवरचा सोलर कुणाच्या पॉलिसीत. मला उत्तर येत नसेल तर मी एजंटाला विचारते. कधी कधी भाभींना विचारते, त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ झालंय.

मागच्या महिन्यात बायपासकडच्या एका नव्या सोसायटीने मला बोलावलं. तुमच्याकडे काय झालं ते आमच्या लोकांना सांगा म्हणाले. मी भाभींना सोबत चला म्हटलं. त्या येतील असं वाटलं नव्हतं, पण आल्या, स्वतः शिवलेला आकाशी ड्रेस घालून. मी दोन वाक्यं बोलले आणि माईक त्यांच्याकडे दिला. मग त्यांनी सुरुवात केली, अगदी मला सांगत असल्यासारखी. कुणाची भिंत, कुणाचं सामान, गिऱ्हाइकाचे कपडे कशात येतात. मागे बसलेल्या दोन बाया, बहुधा घरी काहीतरी धंदा करणाऱ्या, मोबाईलवर टिपून घेत होत्या. एकाने विचारलं, "पण पैसे खरंच मिळतात का?" भाभी म्हणाल्या, "मला मिळाले. सगळे नाही. जे ठरलं होतं ते मिळालं. ठरवताना नीट ऐका."

येताना आम्ही पुणे रस्त्याला रसवंतीवर थांबलो. भाभींच्या मुलीला फॅशन डिझाइनच्या कोर्सला जायचंय आणि तिचे वडील अजून हो म्हणत नाहीत, यावर आमचं बोलणं चाललं होतं. भाभी म्हणाल्या, ते हो म्हणतील, त्यांना थोडा वेळ लागतो इतकंच. मग त्यांनी रसवाल्याला स्वतःसाठी आणखी एक ग्लास भरायला सांगितला, बिनबर्फाचा, आलं जास्त घालून.